‘सॉरी’ म्हणताना कुठे दुखते का ?

बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला, की आपण म्हणतो, ‘सॉरी’. फोनवर नीट ऐकू आले नाही, ‘सॉरी ?’ दारावर आलेल्या विक्रेत्याला परत पाठवायचे असते, ‘सॉरी, नको’. कुणाच्या घरी दुःखद घटना घडल्याचे कळते, तेव्हाही तोंडातून हाच शब्द निघतो. आणि आईवर आवाज चढवून झाल्यावर, तिचे डोळे भरून आलेले दिसल्यावरही आपण तेच म्हणतो, ‘सॉरी’ आणि आपल्या कामाला लागतो.

एकच शब्द क्षमायाचना, सहानुभूती, नकार आणि प्रश्न अशी सगळी कामे करतो. इंग्रजीत एखाद्याची दीनवाणी अवस्था सांगायलाही तो वापरतात. इतक्या ठिकाणी वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यावर मुळात कोणता ठसा होता, ते आज पाहूया.

जुन्या इंग्रजीत ‘सार’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ जखम, वेदना, ठणका. आजच्या इंग्रजीतील ‘सोअर’ म्हणजे दुखरा, हा त्याचाच वंशज. या ‘सार’पासून ‘सारिग’ झाला आणि ‘सारिग’चा पुढे ‘सॉरी’ झाला. इंग्रजीत शोकाला ‘सॉरो’ म्हणतात. ऐकायला हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात. पण त्यांची मुळे वेगळी आहेत. ‘सॉरी’चे मूळ जखमेत आहे. म्हणजे ‘आय ॲम सॉरी’ याचा मुळातला भाव ‘मला आत दुखते आहे’ असा होता. केवळ ‘सॉरी’ एवढाच शब्द उच्चारून मोकळे होण्याची रीत बरीच नंतरची.

आता याच कामाचा दुसरा इंग्रजी शब्द पहा, ‘अपॉलॉजी’. आज त्याचा अर्थ माफी. तो आला ग्रीक ‘अपोलोगिया’ या शब्दावरून आणि तेथे त्याचा अर्थ होता, न्यायालयात स्वतःच्या बचावासाठी केलेले भाषण ! इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयात सॉक्रेटिसवर खटला चालला. त्याच्या भाषणावर प्लेटोने जो ग्रंथ लिहिला, त्याचे नाव ‘अपॉलॉजी’. त्यात सॉक्रेटिस माफी मागत नाही. तो आपली बाजू मांडतो आणि मृत्युदंड स्वीकारतो.

सॉक्रेटिस सत्यासाठी उभा होता. त्याला बचाव शोभला. आपले काय ? आपण तोंडाने ‘सॉरी’ म्हणतो आणि पुढच्याच क्षणी जोडतो, ‘पण तू तरी तसे का बोललास ?’, ‘पण मी दमलो होतो’, ‘पण माझा हेतू तसा नव्हता’. त्या एका ‘पण’ने वेदनेचा शब्द संपतो आणि वकिली सुरू होते. दुखावलेली व्यक्ती समोर तशीच उभी राहते आणि आपण आपल्या अहंकाराचा खटला जिंकून घरी येतो.

आपल्या भाषांमध्ये या प्रसंगासाठी कोणते शब्द आहेत ? पहिला शब्द पश्चात्ताप. पश्चात् म्हणजे नंतर आणि ताप म्हणजे पोळणे. चूक घडून गेल्यावर आतून जो चटका बसतो, तो पश्चात्ताप. इंग्रजीतील जखम आणि आपल्याकडील चटका, दोन्ही शब्द एकच खूण सांगतात : चुकीची जाणीव खरी असेल, तर ती आत जाणवते.

दुसरा शब्द क्षमा. ‘क्षम्’ या धातूचा अर्थ सहन करणे आणि समर्थ असणे. ‘सक्षम’ आणि ‘क्षमता’ हे शब्द त्याच घरातले. म्हणून क्षमा हे दुर्बळाचे काम नाही. ज्याच्यात सोसण्याचे बळ आहे, तोच क्षमा करू शकतो. गीतेच्या १६ व्या अध्यायात दैवी संपत्तीमध्ये क्षमेची गणना आहे. संस्कृतमध्ये पृथ्वीचेही एक नाव क्षमा आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर जमिनीवर पाय टेकवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याची आपली परंपरा आहे. पाय तर टेकवावाच लागणार. पण जिच्यावर भार पडणार आहे, तिची आठवण आधी ठेवायची.

जैन बांधव पर्युषणानंतर एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. या प्राकृत शब्दांतील ‘दुक्कड’ म्हणजे दुष्कृत, वाईट कृती. माझे दुष्कृत निष्फळ होवो, असा त्याचा भाव. येथे आपल्या कृतीला सरळ दुष्कृत म्हटले आहे. ‘काही चुकले असेल तर’ असा आडोसा घेतलेला नाही.

यातून रोजच्या साधनेसाठी तीन गोष्टी घेता येतील. पहिली, ‘सॉरी’ म्हणण्यापूर्वी एक श्वास थांबावे आणि समोरच्याला कुठे लागले असेल, ते पहावे. दुसरी, आपण काय केले, ते नाव घेऊन सांगावे. ‘मी सर्वांसमोर तुझा अपमान केला’ या वाक्यानंतर पूर्णविराम द्यावा, ‘पण’ नको. तिसरी, जे सावरता येण्यासारखे आहे, ते सावरावे. त्यानंतरही समोरच्याने लगेच क्षमा केलीच पाहिजे, असा हट्ट धरू नये. जखम त्याची आहे; भरायला किती वेळ लागेल, हे ती जखमच ठरवील.

देवापुढे पूजा संपवताना आपण न चुकता क्षमा मागतो. देव उलट बोलत नाही, त्यामुळे ते सोपे जाते. अवघड असते शेजारच्या खोलीत जाऊन, ज्याला आपण दुखावले, त्याच्यासमोर बसणे.

आज झोपण्यापूर्वी डोळे मिटून पहा. एक चेहरा नक्की समोर येईल. त्याला तुम्ही ‘सॉरी’ म्हणालाही असाल. तेव्हा आत कुठे दुखले होते का ? नसेल, तर तो शब्द अजून म्हणायचा राहिला आहे. ती व्यक्ती आहे, तुम्ही आहात, तोवर तो म्हणता येईल.