आईच्या डब्यांचं पान

बारावीचा अभ्यास सांभाळून मी वेब प्रोग्रॅमिंग शिकते आहे. पहिलं पान केलं ते आईच्या डब्यांसाठी. एचटीएमएलनं मजकूर मांडला, सीएसएसनं रंगरूप दिलं. मला वर सरकती चित्रं हवी होती. आई म्हणाली, “अगं, आज भाजी कोणती आणि डबा कितीला, हे आधी दिसू दे. लोक घाईत असतात.” चित्रं काढून टाकली, पान मोबाइलवर चटकन उघडू लागलं.

१९८९ मध्ये वेबची कल्पना मांडणारे टिम बर्नर्स-ली यांचे आई-वडील दोघंही फेरांटी मार्क १ या संगणकावर काम करत. आमच्या घरात कोड लिहिणारी मीच पहिली. पण गिऱ्हाईक आधी काय शोधतं, हे मला आईनंच शिकवलं. आता बाबांना पानावरच डब्याची नोंदणी हवी आहे. त्यासाठी जावास्क्रिप्ट शिकायला घेतली आहे.