पाप कोणाच्या खाती?

एकादशीला मी डास मारला की सौ. फराळाची बशी आपटते. धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा मात्र तीच म्हणाली, "अहो, आपण न मारता हे मरतील का?"

मरतात! १९८०च्या सुमारास रंगूनमध्ये घरोघरच्या पाण्याच्या भांड्यांत चतुराची पिल्लं सोडली होती. चतुर म्हणजे तोच, लहानपणी ज्याच्या शेपटीला आपण दोरा बांधायचो! पंख फुटेपर्यंत तो पाण्यातच असतो. त्या पिल्लांनी डासांच्या अळ्या फस्त केल्या. आपण फक्त सोडायचं, खाणार ती.

पण मग पाप कोणाचं? बँकेत नोटा कॅशियर मोजून देतो. व्हाउचर अंगाशी येतं ते सही करणाऱ्याच्या.

सौ. झोपलेल्या धाकट्याकडे बघत राहिली. "सही माझी," ती म्हणाली, "घरात एक तरी चतुर येऊ दे."