नावं ठेवण्याचा हक्क

मराठी घरात दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नारळही वाढवायचा असतो आणि दिवा शांत करायचा असतो. निघताना कोणी ‘जातो’ म्हणालं की आजी त्याला उंबऱ्यातच थांबवून ‘येतो’ म्हणायला लावते. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. अंगभर फोड उठवून माणसं मारणाऱ्या रोगाला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘देवी’ म्हटलं. मृत्यूच्या बातमीत हिंदू कैलासवासी होतो, मुसलमान पैगंबरवासी, ख्रिस्ती ख्रिस्तवासी. नुसता मेलेला कोणीच नसतो.

इतकं जपून बोलणारा समाज जेव्हा “हल्ली काही बोलायचीच सोय राहिली नाही” अशी कुरकुर करतो तेव्हा गंमत वाटते. शब्द तोलायची सवय आपल्याला जुनी आहे. अमंगळाच्या भीतीने आपण तो तोलला, वडीलधाऱ्यांच्या मानासाठी तोलला, जातीने वरचा समोर आला की आवाजासकट तोलला. गावकुसाबाहेरच्या माणसाने ‘जोहार’ घालायचा आणि त्याला मात्र नाव अर्धं तोडून हाक मारायची, हाही बोलण्याचा नियमच होता आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही होती. त्या नियमांबद्दल ‘अति झालं’ अशी तक्रार वरच्यांनी कधी केल्याचं ऐकिवात नाही.

‘पोलिटिकल करेक्टनेस’ हा शब्द आपल्याकडे आला तोच मुळी चिडवण्याच्या अर्थाने. अमेरिकेतले डावे आपल्यातल्याच अतिकर्मठांची टिंगल करायला तो वापरत. पुढे तो त्यांच्या विरोधकांनी उचलला आणि मे १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी मिशिगन विद्यापीठातल्या भाषणात त्यावर टीका केली, तेव्हापासून तो राजकारणाचा झाला. आपल्याकडे मात्र कोणाला काय म्हणायचं, हा वाद त्याच्या शंभरएक वर्षं आधीपासून चालू आहे. त्या वादात आपले लोक जे शिकले ते अमेरिकेच्या उसन्या भांडणापेक्षा जास्त उपयोगाचं आहे, असं मला वाटतं.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करता येते. धर्मग्रंथांनी ज्यांना हिणवलं त्यांच्यासाठी त्यांनी गोड शब्द शोधला नाही. ‘शूद्रातिशूद्र’ असा शिवीला शिवी जोडलेला शब्द हाती घेतला आणि त्याला एका मोठ्या समूहाचं नाव केलं. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना त्यांना कोणाचं सांत्वन करायचं नव्हतं, कोणी कोणाला गुलाम केलं ते सांगायचं होतं. पुढच्या पिढीत विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं आणि मराठीत त्याला ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ म्हटलं. शिंद्यांच्या कळकळीबद्दल शंका घेणं कृतघ्नपणाचं ठरेल. तरी ‘निराश्रित’ या शब्दात एक गोष्ट हरवली आहे. माणूस निराश्रित आहे एवढंच तो सांगतो. त्याचा आश्रय कोणी काढून घेतला, हे सांगत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली पाक्षिक काढलं त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. हा शब्द व्याकरणातच आरोप घेऊन येतो. बहिष्कृत म्हटलं की बहिष्कार घालणारा कोणीतरी आहे, हे आपोआप ठरतं. ‘दलित’ तसाच: दळला गेलेला, म्हणजे दळणारा आलाच. शाळेत कर्मणि प्रयोग शिकवताना कर्ता झाकला तरी तो असतोच, असं सांगतात ते इथे नीट पटतं.

‘हरिजन’मध्ये तो कर्ता सापडत नाही. १९३२ चं येरवड्याचं उपोषण आणि पुणे करार यानंतर गांधीजींनी हा शब्द देशभर नेला, फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याच नावाचं साप्ताहिक पुण्यातून सुरू केलं. शब्द आपला नाही, एका अस्पृश्य वाचकानेच तो सुचवला, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे आणि ते नजरेआड करू नये. पण सुचवणारा एक होता आणि नाव लाखोंना लागणार होतं. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारचं स्थानिक मंडळांविषयीचं विधेयक आलं, त्यात हा शब्द होता. भाऊराव गायकवाड, म्हणजे पुढचे दादासाहेब, यांनी तो बदलून ‘अनुसूचित जाती’ करावा अशी दुरुस्ती मांडली. अस्पृश्य ही देवाची माणसं, तर बाकीचे कोणाची, असा त्यांचा खोचक सवाल होता. ज्यांना हे नाव द्यायचं त्यांच्याच प्रतिनिधींना ते नको आहे, ही आंबेडकरांची साधी हरकत होती. बहुमताने दुरुस्ती फेटाळली. आंबेडकर आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभागृहाबाहेर पडले.

मला हा प्रसंग या सगळ्या चर्चेचा मध्यबिंदू वाटतो, कारण इथे दोन्ही बाजूंना ‘चांगला’ शब्दच हवा होता. कोणी शिवीची बाजू घेत नव्हतं. खेरांच्या बाकांवरच्या अनेकांना मनापासून वाटत असणार की आपण मान देतो आहोत. समोरचे म्हणत होते की मान देणारे तुम्ही कोण? त्यांना हवा होता तो कायद्यातला कोरडा, सूचीतला शब्द. १९३५ च्या कायद्यातून आलेल्या ‘अनुसूचित’ला ना दया आहे ना भक्ती, आणि म्हणून त्याच्यावर बोट ठेवून हक्क मागता येतो.

पुढे १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या पोरांनी ‘दलित’ शब्द पदर पसरून वापरला नाही, अंगावर धावून जाण्यासाठी वापरला. साहित्यात तर आणखी धारदार गोष्ट घडली. ज्या शब्दांनी हिणवलं गेलं ते शब्दच लेखकांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापले. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. नंतर किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’. लक्ष्मी नारायण त्रिपाठींनीही आत्मकथनाला ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ म्हटलं. ‘उचल्या’ हे नाव गायकवाडांच्या तोंडी येतं तेव्हा ती साक्ष असते. पोलीस चौकीत हवालदाराच्या तोंडी येतं तेव्हा तो वार असतो. “ते स्वतः म्हणतात, मग आम्ही म्हटलं तर काय बिघडलं?” असं विचारणाऱ्याला हा फरक कळत नसतो असं नाही. स्वतःच्या बापाला म्हातारा म्हणणारे आपण, शेजाऱ्याने तसं म्हटलं की कसे फणकारतो!

तरी ‘दलित’ हाही काही शेवटचा शब्द नव्हे. १९५६ च्या धर्मांतरानंतर स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्या अनेकांना तो नको आहे; आम्ही आता दळलेले नाही, असं ते म्हणतात. सरकारी ‘नवबौद्ध’मधला ‘नव’ही त्यांना खुपतो. दलित साहित्य म्हणायचं की आंबेडकरी साहित्य, यावर मराठीत भरपूर शाई सांडली आहे. नागपूर खंडपीठापुढच्या याचिकेनंतर ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण खात्याने माध्यमांना ‘दलित’ टाळून ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली, तेव्हा गोंधळ झाला: शब्द नको म्हणणारे आंबेडकरीच आणि तो हिरावला म्हणून चिडलेलेही आंबेडकरीच. हा वाद मिटला नाही म्हणून मला चिंता वाटत नाही. घरातल्या माणसांनी स्वतःच्या नावावरून भांडावं, ते त्यांचं काम. खात्याने पत्रक काढून निकाल लावणं मात्र १९३८ च्या बहुमतासारखंच झालं.

खात्यांना गोड शब्दांची हौस दांडगी असते. डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावं असं सुचवलं. अपंग चळवळीतल्या अनेक कार्यकर्त्यांनी लगेच हरकत घेतली: आमच्या अवयवांत दिव्य काही नाही, जिना आहे आणि उतार नाही एवढीच अडचण आहे. महिन्याच्या सुरुवातीलाच सुगम्य भारत अभियान जाहीर झालं होतं, त्यात सार्वजनिक इमारतींना उतार आणि रेल्वे स्थानकांवर सोयी करायच्या होत्या. त्याच्या मुदती पुढे पुढे ढकलल्या गेल्या. शब्दाला मुदतवाढ लागली नाही. तो प्रमाणपत्रांवर, फलकांवर, पुढे महाराष्ट्रात एका स्वतंत्र विभागाच्या नावावर जाऊन बसला. शब्द वापरणाऱ्या शिक्षकाचा किंवा कारकुनाचा यात दोष नाही, तो बिचारा परिपत्रक पाळतो. पण जिना बांधणारा या शब्दातून सुटला, हे खरं.

वागणं बदलायचं की नुसता शब्द, हे दोन्ही मार्ग विधवांच्या बाबतीत महाराष्ट्रात लागोपाठ दिसले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावात नवा शब्द नव्हता. हात कोणाचे आणि ते कुठे थांबले पाहिजेत, एवढंच होतं. पुढच्या एप्रिलमध्ये महिला व बालविकास मंत्र्यांकडून ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं का, याचा विचार करण्याची सूचना निघाली. लग्नपत्रिकेत सासूच्या नावाआधी ‘गं. भा.’ वाचत मोठ्या झालेल्या बायकांना हे नवीन नव्हतं. बरीच टीका झाली आणि मंत्र्यांना खुलासा करावा लागला. हेरवाडमध्येही एका ठरावाने सगळ्यांची मनं बदलली असतील असं मी म्हणणार नाही. पण ठराव मोडणाऱ्याला निदान जाब विचारता येतो. ‘गंगा भागीरथी’ म्हणून कोणी कुंकू पुसलं, तर त्याने नियम मोडला असं कुठे होतं?

मग अति कुठे झालं? झालं आहे, नाही असं नाही. योग्य शब्द माहीत असणं हीच जिथे शिकलेपणाची खूण ठरते, तिथे झालं आहे. आपल्या मुलाला ‘अपंग’ म्हणणाऱ्या, त्याला पाठुंगळी मारून शाळेत नेणाऱ्या बाईला शहरातून आलेली कार्यकर्ती सभेत सगळ्यांसमोर दुरुस्त करते तेव्हा चूक कोणाची, हे मला सांगायला नको. म्हणींच्या मागे लागलेलेही आहेत. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, या म्हणीत मला तरी आंधळ्याची टिंगल दिसत नाही; राबणाऱ्याचं कोण खातं, याची तक्रार दिसते. पोरांची आंधळी कोशिंबीर तर कृपा करून तशीच राहू द्यावी. जातीवरून रचलेल्या म्हणींची गोष्ट निराळी. त्या दाते-कर्व्यांच्या वाक्संप्रदाय कोशात अभ्यासासाठी असाव्यात, जेवणाच्या पंक्तीत नकोत.

पण महाराष्ट्रात जिभा खरोखर कोणी बांधल्या याचा हिशेब मांडला, तर शब्द सुधारणाऱ्या कार्यकर्त्यांच्या नावावर फार थोडं निघेल. २००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवर हल्ला करणारे काही समावेशक भाषा शिकवायला गेले नव्हते. आनंद यादवांना तुकारामांवरची कादंबरी मागे घ्यावी लागली आणि २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं, ते भावना दुखावल्याच्या आरोपावरून. त्या वेळी ‘बोलायची सोय राहिली नाही’ म्हणणारे कमी होते आणि गप्प बसणारे फार.

माझी स्वतःची धास्ती आणखी वेगळी आहे, आणि या वादात तिच्याकडे कोणी बघत नाही. गोड शब्दांना कधीकधी रोख किंमत असते आणि ती दुसऱ्याच्या पगारातून कापली जाते. १९७५ पासून अंगणवाडी चालवणारी बाई ‘सेविका’ आहे. घरोघर फिरून गरोदर बायकांच्या नोंदी ठेवणारी आशा ‘स्वयंसेविका’ आहे. दोघींना मिळतं ते ‘मानधन’. किती आदबीचे शब्द! नोकर म्हटलं की मालक शोधावा लागतो, पगार म्हटला की वेतनश्रेणी येते, रजा येते, निवृत्ती येते. सेविका म्हटलं की मालक अंतर्धान पावतो. नव्या शिक्षकाला तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ म्हणून थोडक्यात राबवण्याची युक्तीही याच घरातली.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. ग्रॅच्युइटी कर्मचाऱ्याला मिळते, म्हणजे निदान तेवढ्यापुरता सेवेचा बुरखा दूर झाला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या तेव्हा ग्रॅच्युइटीची मागणी त्यांच्या यादीत होतीच, आणि तिच्या जोडीला सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जाही. आपल्याला काय म्हणावं हे त्या सांगत होत्या. त्यात मान नव्हता, दर्जा होता. संप आठवड्यांमागून आठवडे चालला, जानेवारीच्या शेवटी मिटला. शासनाच्या कागदावर त्या अजून सेविकाच आहेत.