सही आणि सुई

डॉक्टरांनी चिठ्ठी मराठीत लिहावी, निदान माणसाला वाचता येईल अशा अक्षरात लिहावी, ही मागणी दर वर्ष-दोन वर्षांनी नव्याने उठते. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या आचारनियमांत दुरुस्ती केली आणि औषधाचं जनरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलं. २०२२ साली मध्य प्रदेशात एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली, तेव्हा तिथल्या मुख्यमंत्र्यांनी चिठ्ठीच्या माथ्यावर ‘श्री हरी’ आणि खाली हिंदीत औषधं, असा तोडगा सुचवला. त्यावर हसणारे पुष्कळ होते, टाळ्या वाजवणारेही होते. पण एका बाबतीत दोघांचं एकमत होतं: प्रश्न कागदाचा आहे. कागद वाचता आला की आजार कळला, आणि आजार कळला की माणूस त्याप्रमाणे वागणार.

मला हे गृहीतकच उथळ वाटतं. मराठीच्या आग्रहाशी माझं भांडण नाही. इंग्रजी संमतीपत्रावर मराठी बाईचा अंगठा उमटवून घेणारी व्यवस्था लाजिरवाणी आहे आणि ती बदलायला उशीरच झालेला आहे. भांडण आहे ते तिथेच थांबण्याशी.

बाकीच्या मतांवर फार जागा खर्च करायचं कारण नाही. ‘पेशंट अडाणी, त्यांना सांगून काय उपयोग’ हे मत नसून आळस आहे. ‘आता सगळं मोबाइलवर मिळतं’ म्हणणाऱ्यांनी एकदा साध्या डोकेदुखीचं कारण मोबाइलवर शोधून पाहावं आणि त्या रात्री झोप लागते का ते सांगावं. सोप्या मराठीवाल्यांचं मात्र तसं नाही. ती भली माणसं आहेत, त्यांचं म्हणणं वाजवी दिसतं, आणि दवाखान्यांच्या भिंतींवरची पोस्टरं, घडीपत्रिका, टीव्हीवर फिरणाऱ्या फिती हे सगळं त्यांच्याच तर्कावर उभं आहे. म्हणून वाद घालायचा तो त्यांच्याशी.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये नेहमीच्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात अडीचपट डोस जातो. हे मी मला जमेल तितक्या सोप्या मराठीत लिहिलं. आता कुणाही वाचकाने एवढ्यावर उद्या सकाळी सासऱ्यांना बरोबर सुई टोचून दाखवावी. कुपी उलटी धरायची, हवेचा बुडबुडा काढायचा, कालच्या जागेपासून बोटभर सरकून टोचायचं, कारण रोज तिथेच टोचलं की गाठ येते आणि औषध नीट शोषलं जात नाही. घरात फ्रीज नसेल तर कुपी माठाच्या गारव्याला ठेवायची. यातली प्रत्येक गोष्ट लिहिता येते, आणि लिहून झाल्यावर प्रत्येक गोष्ट हातात यायची बाकीच राहते.

२००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत मला फार बोलका वाटतो. औषधाच्या बाटलीवरची ‘दोन गोळ्या, दिवसातून दोनदा’ अशा अर्थाची सूचना रुग्णांना दाखवली. कमी वाचता येणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली. मग, दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा, असं म्हटल्यावर जेमतेम ३५ टक्क्यांना जमलं. सूचना शाळकरी पोराला कळेल अशी होती. म्हणजे तोंडाला जे जमलं ते हाताला जमलं नाही, आणि आपण सगळे कार्यक्रम तोंडाची परीक्षा घेऊन पास करतो.

यावर सोप्या मराठीवाले म्हणतात, मग चित्रं काढू, व्हिडिओ करू. जरूर करा. पण व्हिडिओला समोरच्याचा हात कापताना दिसत नाही. मोतीबिंदूमुळे सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत हे आजोबा व्हिडिओला सांगू शकत नाहीत. ते सिस्टरलाही आपणहून सांगणार नाहीत, पण ती पाच मिनिटं शेजारी उभी राहिली तर तिला ते दिसेल. मग ते म्हणतात, घरात एक तरी शिकलेला असतोच, तो वाचून सांगेल. असतो. कागद त्याच्या हातात आणि स्वयंपाक सुनेच्या. ‘मीठ कमी’ हे मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं, भाजीतलं मीठ कमी झालं, आणि ताटातलं लोणचं, पापड, ठेचा जागच्या जागी राहिले, कारण त्यांना कुणी मीठ म्हणतच नाही. कागद प्रश्न येण्याआधीच उत्तर देऊन मोकळा होतो, ही त्याची खरी अडचण आहे. भाषा कितीही सोपी केली तरी ती सुटत नाही.

इथे मला एक भेद करावासा वाटतो. रुग्णाला लागणारी समज दोन प्रकारची असते. एक सहीपुरती: ऑपरेशन कसलं, धोका काय, दुसरा पर्याय काय, खर्च किती, हे कळून हो किंवा नाही म्हणता येण्याइतकी. दुसरी सुईपुरती: घरी गेल्यावर स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातांनी जे करायचं आहे ते करता येण्याइतकी. पहिली एका बैठकीत देता येते, तिला साक्षीदार लागतो, तिचा कागद होतो. दुसरी हळूहळू येते, चुकत येते, आणि शिकवणारा शेजारी असल्याशिवाय येत नाही.

आपली सगळी सार्वजनिक चर्चा पहिलीच्या भोवती फिरत आली आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली संमतीचा प्रश्न सविस्तर हाताळला. तपासणीच्या दुर्बीण शस्त्रक्रियेला संमती घेऊन, रुग्ण भुलीखाली असताना आईच्या होकारावर गर्भाशय काढून टाकणं बेकायदा ठरलं. निकाल महत्त्वाचाच होता. त्यानंतर रुग्णहक्कांची सनद आली, महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांतही २०२१ साली ती शिरली. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेने तर प्रत्येक सहभागी रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसवला. गोड नाव आहे. पण या मित्राचा दिवस रेशनकार्ड, नोंदणी आणि मंजुरीच्या कागदांत जातो. शासनाला मित्र द्यावासा वाटला तोही कागदाचाच.

सुईपुरती समज कुठून यायची? डॉक्टरकडून, असं म्हणणं सोपं आहे. २०१७ साली अनेक देशांतल्या तपासणीच्या वेळेची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात स्वीडनच्या डॉक्टरांची वेळ बावीस मिनिटांच्या वर होती आणि बांगलादेशची ४८ सेकंद. आपण दोन-अडीच मिनिटांच्या आसपास. एवढ्या वेळात निदान होतं हेच नवल. शिकवणं होतं ते वॉर्डात, राऊंड पुढे सरकल्यावर. ड्रेसिंग करताना सिस्टर जे बोलते, तपासणीच्या दारात ब्रदर जे सांगतो, खाट झाडताना मावशी जे बजावते, तोच बहुतेकांचा आरोग्यविषयक अभ्यासक्रम असतो. चरकाने चिकित्सेचे चार पाय मानले. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारक हा वैद्याच्या हाताखालचा माणूस नव्हे, स्वतंत्र पाय. आणि चांगल्या रोग्याच्या गुणांत, आपल्याला काय होतंय ते सांगता येणं, हाही एक गुण आहे. आपल्या वॉर्डात तो दाखवायची सोय फारशी नाही.

ती सोय नाही याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे पथ्य. मराठी रुग्ण डॉक्टरला एकच प्रश्न हमखास विचारतो: पथ्य काय? आणि डॉक्टर हमखास उत्तर देतो: काही नाही, सगळं खा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि संवाद तिथेच संपतो. पथ्य विचारणारी बाई खरं तर बरंच काही विचारत असते. मी घरी काय करू? कशाने बिघडेल? आणि बिघडलं तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल? ‘सगळं खा’ हे उत्तर तिला घरी नेताच येत नाही, कारण भाताने टाक्यांना पू होतो हे घरच्या वडीलधाऱ्यांना पक्कं माहीत असतं. मग टाके बरे व्हायला ज्या डाळीची, अंड्याची, दुधाची गरज असते तेही भाताबरोबर बंद होतं आणि ती चहा-बिस्किटावर राहते. जुन्या वळणाच्या सिस्टर हे ओळखतात. त्या म्हणतात, “भात नको वाटतो ना, राहू दे. भाकरी खा, पण डाळ दोन वाट्या पाहिजे.” शास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर ढिलं आहे. मला ते डॉक्टरच्या उत्तरापेक्षा जास्त खरं वाटतं, कारण ते प्रश्न ऐकून दिलेलं आहे, आणि सासूसमोर टिकणारं आहे.

रुग्णाकडून परत सांगवून घेण्याची पद्धत हल्ली शिकवली जाते. चांगली आहे, पण तिची शाळा व्हायला वेळ लागत नाही. ‘काय सांगितलं मी, बोला’ असं दरडावलं की आजी मान डोलावून मोकळ्या. “आजी, घरी सून विचारेल, तिला काय सांगाल?” असं विचारलं तर त्याच आजी सविस्तर सांगतात, आणि काय चुकलंय ते आपोआप बाहेर येतं.

घरच्यांना कामात घेतलं की काय होतं याचे दाखले आपल्याच देशात आहेत. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोड्याच्या पाण्याचे पिंप भरले आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्या माणसांच्या हातात पेला होता आणि शेजारी कुणीतरी जाणतं होतं. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने आजारी नवजात बाळांच्या कक्षात आईवडिलांना आत घेतलं, हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत शिकवलं. जंतुसंसर्ग वाढेल अशी भीती होती. तिथल्या चाचणीत तो वाढलेला दिसला नाही. केंद्र सरकारने २०१७ साली या पद्धतीच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. गावातल्याच बायकांना आरोग्यकामासाठी तयार करणाऱ्या जामखेडच्या प्रकल्पाचं नाव तर मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो वॉर्डातले लोकच घेतात. भागीदारी म्हणजे नातेवाइकांना राबवायची सभ्य तऱ्हा, असा. खोटं नाही. सरकारी रुग्णालयात स्ट्रेचर ढकलणं, रक्ताचा नमुना लॅबला पोचवणं, पिशवी आणायला धावणं हे नातेवाईकच करतात, आणि रात्रपाळीला एका सिस्टरच्या माथी अख्खा वॉर्ड असतो. तिला वर शिकवायलाही सांगणं म्हणजे निर्लज्जपणा ठरेल. पण मघाचाच भेद इथे कामी येतो. जे काम रुग्णाला आणि घरच्यांना उद्या घरी करावंच लागणार आहे, ते वॉर्डात त्यांच्या हातून करून घेणं हे शिक्षण. जे घरी कधीच करायचं नाही, रक्ताची पिशवी आणण्यासारखं, ते रुग्णालयाचं काम. ते नातेवाइकावर ढकलणं ही चोरी. हा निकष लावला तर नातेवाइकांच्या सध्याच्या धावपळीतली बरीचशी बंद करावी लागेल आणि आज त्यांना जे करूच दिलं जात नाही त्यातलं बरंच सुरू करावं लागेल. त्यासाठी माणसं भरावी लागतील, हे उघड आहे.

खासगी रुग्णालयांचं दुखणं वेगळं. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत रुग्णांचे हक्क आणि शिक्षण हा विषय स्वतंत्र प्रकरण म्हणून आहे. हेतू उत्तम. प्रत्यक्षात डिस्चार्जच्या दुपारी, विम्याची मंजुरी अडकलेली, बिल व्हायचंय, गाडी खाली उभी, अशा वेळी एक छापील फॉर्म पुढे येतो. आहार, औषधं, जखमेची काळजी समजावून सांगितली, कळली. खाली सही. सुईपुरत्या समजेचीही अशी सही होऊन जाते.

मला या फॉर्मवर एकच दुरुस्ती हवी आहे. ‘समजावून सांगितले’ या ओळीच्या जागी रुग्णाने किंवा घरच्यांनी सुई स्वतः किती वेळा टोचली, ड्रेसिंग स्वतः किती वेळा केलं आणि कुणाच्या देखत, एवढं लिहिलं जावं. त्यासाठी शिकवणं डिस्चार्जच्या दुपारी सुरू करून भागणार नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून करावं लागेल. आणि शेजारी उभं राहून ज्या सिस्टरने ते करून घेतलं, तिची ती वीस मिनिटं ड्यूटीत धरली जावीत. मी पाहिलेल्या वॉर्डांत तापाची, सलाइनची, लघवीची नोंद होते. त्या वीस मिनिटांना तक्त्यावर रकानाच नाही.