मध्यबिंदू आणि मध्यममार्ग

कॉइलओव्हर म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती बसवलेली कॉइल स्प्रिंग यांचा एकत्र जोड. समायोज्य प्रकारात शॉकच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात. त्यांवरची कडी पान्याने वर-खाली फिरवली की गाडीची उंची बदलते. शॉकच्या टोकाला असलेली घुंडी फिरवली की दमन, म्हणजे स्प्रिंगच्या हेलकाव्याला होणारा विरोध, टप्प्याटप्प्याने वाढतो किंवा कमी होतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीत हे सारे निर्णय अभियंत्यांनी आधीच घेतलेले असतात. घरच्या गॅरेजात कॉइलओव्हर बसवणारा माणूस ते निर्णय स्वतःच्या हाती घेतो आणि त्यांबरोबर नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्नही त्याच्या हाती येतो: दोन टोकांच्या मध्ये योग्य जागा कोठे असते, आणि ती ओळखायची कशी?

या प्रश्नाचा विचार ॲरिस्टॉटलने केला, बुद्धाने केला, गीतेनेही केला. तिन्हींचा कौल मध्यमाकडे आहे. व्यवहारात मात्र मध्यममार्गाचा अर्थ बऱ्याचदा ‘थोडे इकडचे, थोडे तिकडचे’ असा लावला जातो आणि त्यामुळे तो विचार मिळमिळीत ठरतो. समायोज्य सस्पेन्शनचे काम नीट पाहिले, तर हा अर्थ का टिकत नाही ते उघड होते.

उदाहरणासाठी माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी मोटार घेता येईल. तिची पहिली पिढी १९८९ साली बाजारात आली; जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. इंजिन १.६ लिटरचे, वजन हजार किलोच्या आत आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्म. स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत, या जपानी कल्पनेवर कंपनीने या गाडीची घडण बेतली. मूळ गाडीतही स्प्रिंग शॉकभोवतीच असते, त्यामुळे कॉइलओव्हर बसवणे हे मुख्यतः जुना जोड काढून त्याच जागी नवा लावण्याचे काम असते. जोडाचे वरचे टोक दोन नटांनी बॉडीला आणि खालचे एका बोल्टने लोअर आर्मला धरलेले असते. हत्यारे आणि धीर असेल, तर हे काम घरी होऊ शकते.

आता दोन टोके पाहू. दमन फार कमी असेल, तर खड्डा ओलांडल्यावरही गाडी झुलत राहते आणि वळणावर तिचा तोल उशिरा सावरतो. दमन फार जास्त असेल, तर चाक रस्त्याच्या चढउताराबरोबर वरखाली होऊ शकत नाही. उंचवट्यावरून ते उडते आणि क्षणभर रस्ता सोडते. उलगडतानाचा विरोध जास्त असला आणि एकामागोमाग खड्डे आले, तर स्प्रिंग पूर्ण उलगडायच्या आत पुन्हा दबते आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. दोन्ही दोषांचा शेवट एकच: टायरची रस्त्यावरची पकड जाते. मऊपणा म्हणजे आराम आणि कडकपणा म्हणजे वेग, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. अतिकडक गाडी खडबडीत रस्त्यावर वेगवान नसते. ती नुसतीच बेभरवशाची असते.

मग घुंडीला तीस टप्पे असतील, तर पंधरावा टप्पा हा मध्यममार्ग मानावा काय? ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या दुसऱ्या भागात नेमक्या याच गैरसमजाला उत्तर दिले आहे. वस्तूचा मध्य आणि आपल्या संदर्भातला मध्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे तो सांगतो. दहा फार आणि दोन थोडे असतील, तर गणिताने मध्य सहा येतो. पण दहा मापे अन्न एखाद्याला जास्त आणि दोन मापे कमी, म्हणून सहा मापे सर्वांना योग्य होत नाहीत. मायलो या नामांकित कुस्तीगिराला ती कमी पडतील आणि तालमीत नुकत्याच उतरलेल्याला जास्त होतील. पंधरावा टप्पा हा घुंडीचा मध्य आहे. त्या गाडीचा, त्या रस्त्याचा आणि त्या चालकाचा मध्य पाचव्या टप्प्यावर असू शकतो किंवा पंचविसाव्यावरही.

भौतिकशास्त्र याला दुजोरा देते. गाडी एकदाही पलीकडे न झुलता कमीत कमी वेळात स्थिर होईल, एवढ्या दमनाला क्रांतिक दमन म्हणतात. आरामाला महत्त्व देणाऱ्या गाडीत दमन त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ठेवतात. गाडीच्या हालचालींवर घट्ट नियंत्रण हवे असेल, तर त्याहून बरेच जास्त ठेवावे लागते. हेतू बदलला की मध्य सरकतो. शिवाय क्रांतिक दमन स्प्रिंगच्या कडकपणावर आणि तिने पेललेल्या वजनावर अवलंबून असते. वजन तेच ठेवून स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर पूर्वीचेच प्रमाण राखण्यासाठी दमन सुमारे १.४ पट करावे लागते. कालपर्यंत योग्य असलेला टप्पा नव्या स्प्रिंगबरोबर चुकीचा ठरतो. त्यात घुंडी बिघडलेली नसते. ज्याच्या संदर्भात ती योग्य होती, ते बदललेले असते.

बौद्ध परंपरेने या विचारात आणखी एका गोष्टीची भर घातली आहे. अंगुत्तर निकायात सोण नावाच्या भिक्षूची कथा येते. सुखात वाढलेला सोण साधनेत इतका हट्टाला पेटला, की चंक्रमण, म्हणजे चालत करायचे ध्यान, करताना त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. एवढे करूनही मुक्ती मिळेना, तेव्हा घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. तो पूर्वी वीणा उत्तम वाजवत असे. बुद्धाने त्याला विचारले, की तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर वीणा वाजते का? सोणाने नाही म्हटल्यावर बुद्धाने त्याला उद्योगाची पातळी समतोल ठेवण्यास सांगितले आणि त्याबरोबरच पाच इंद्रियांचा, म्हणजे श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा या शक्तींचा, आपसातला मेळ राखण्यास सांगितले. कथेचा हा उत्तरार्ध सांगताना अनेकदा गळतो. एक तार नेमकी लागली, एवढ्याने वीणा सुरात येत नाही.

गाडीच्या चार कोपऱ्यांचे असेच आहे. पुढच्या डाव्या कोपऱ्याची कडी वर फिरवली, की भार त्या चाकावर आणि तिरक्या दिशेच्या मागच्या उजव्या चाकावर वाढतो. उरलेल्या दोन चाकांवर कमी होतो. खाटेचा एक पाय उंच केल्यावर होते तेच येथे घडते. त्यामुळे जाणकार चालकाच्या आसनावर त्याच्याएवढे वजन ठेवून चारही चाके वजनकाट्यांवर घेतात आणि दोन्ही कर्णांवरचा भार शक्य तितका समान करतात. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, म्हणून अलाइनमेंट नव्याने करावी लागते. एका ठिकाणचा मध्य बाकीच्यांना सोडून ठरत नाही, ही सोणाला मिळालेली शिकवण येथे काट्यावर मोजता येते.

मात्र सगळ्याच गोष्टींना मध्य नसतो. ॲरिस्टॉटल स्पष्ट बजावतो, की चोरी किंवा खून योग्य प्रमाणात करता येत नाही. ती कृत्ये मुळातच वाईट आहेत. उलट बाजूने बौद्ध भाष्यकार बुद्धघोषाने ‘विशुद्धिमग्गा’त श्रद्धा आणि प्रज्ञा, वीर्य आणि समाधी यांच्या जोड्या परस्परांशी तोलायला सांगितल्या, पण स्मृती म्हणजे सावधानता सर्वत्र बळकटच हवी, असे म्हटले. कॉइलओव्हर बसवताना या दोन्ही इशाऱ्यांना प्रत्यक्ष कामातला अर्थ मिळतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली ‘थोडा वेळ’ शिरणे असे काही नसते. गाडी सपाट, टणक जमिनीवर आणि योग्य जागी लावलेल्या स्टँडवर उभी हवी. जुन्या जोडावरची वरची बैठक काढायची असेल, तर स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरल्याशिवाय मधला नट सोडता कामा नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. येथे पूर्ण सावधानता आणि बेसावधपणा यांच्यात तिसरी जागा नाही.

या सावधानतेचा कस एका बारीक कामात लागतो. सस्पेन्शनच्या आर्म रबरी बुशांवर फिरतात आणि बुशातले रबर आतल्या धातूच्या नळीला चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी पकडली जाते. पुढे आर्म हलते, तेव्हा रबर पिळले जाते. चाक हवेत लोंबत असताना सैल केलेले बोल्ट तसेच पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर आल्याक्षणी रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि अकाली फाटते. म्हणून बोल्ट आधी हलकेच लावायचे, गाडीचा भार चाकांवर आणायचा आणि मग टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळायचे. बाहेरून पाहणाऱ्याला चुकीचे आणि बरोबर काम सारखेच दिसते. फरक कळतो तो केवळ करणाऱ्याला.

मध्य संदर्भाने ठरतो, या म्हणण्याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो. मध्य जर गाडीगणिक आणि माणसागणिक बदलत असेल, तर ज्याला जे आवडेल तेच योग्य म्हणावे लागेल. पण संदर्भाने बदलणे वेगळे आणि मर्जीने बदलणे वेगळे. मायलोचा आहार मायलोच्या आवडीने ठरत नाही, त्याच्या शरीराने आणि कामाने ठरतो. गाडीचा मध्य टायरच्या पकडीने ठरतो आणि रस्ता त्याचा निकाल लागलीच देतो. केवळ रुबाबासाठी गाडी फार खाली बसवली, तर स्प्रिंगला दबायला वाव उरत नाही, शॉक शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आपटतो आणि वळणावर गाडी अचानक घसरू शकते. मालकाला ते आवडते म्हणून ते योग्य होत नाही. शिवाय रस्ता एकट्याचा नसतो. जपानच्या नियमांत गाडीच्या तळाशी किमान ९ सेंटिमीटर मोकळी जागा असावी लागते. अशी मर्यादा इतरांच्या सुरक्षिततेसाठी असते आणि व्यक्तीचा मध्य तिच्या आतच शोधायचा असतो.

मग हा मध्य ओळखतो कोण? ॲरिस्टॉटलच्या मते सूत्र नव्हे, तर व्यवहारज्ञानाने परिपक्व झालेला माणूस तो ओळखतो. आणि ते ज्ञान केवळ वाचून येत नाही, सवयीने आणि अनुभवाने येते. हा अनुभव मिळवण्याची कॉइलओव्हरच्या कामात ठरलेली शिस्त आहे. घुंडी आधी पूर्ण आवळून तेथून टप्पे मोजायचे, म्हणजे चारही चाकांची सुरुवात एकाच जागेवरून होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, त्याच रस्त्यावर गाडी चालवायची, काय जाणवले ते लिहून ठेवायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही, आणि बिघाडाचेही कारण हाती लागत नाही.

गीतेचा सहावा अध्याय योग्याला अतिभोजन आणि उपास, अतिझोप आणि जागरण ही सारी टोके टाळायला सांगतो, पण किती घास आणि किती तास हे सांगत नाही. तो दुःख दूर होण्याची कसोटी देतो आणि माप साधकावर सोपवतो. मध्यममार्गाचे खरे ओझे तेथेच आहे. टोकाला जाणाऱ्याला एकदाच ठरवावे लागते. मध्य धरणाऱ्याला हेतू, भार आणि रस्ता बदलेल तसे पुन्हा तपासावे लागते. म्हणून मध्यममार्ग हा सोपा तोडगा नाही. सर्वांत जास्त लक्ष मागणारा मार्ग तोच आहे, आणि तो मधोमध असेलच असे नाही.