मांडीवरचं मूल

गेली 11 वर्षं मी न्यू जर्सीत एक बिनपगारी काम करते. ठरलेल्या शनिवारी सकाळी अग्निशमन केंद्राच्या पटांगणात उभं राहायचं. लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि त्यांनी गाडीत बसवलेली लहान मुलाची सीट नीट बसली आहे का, ते आम्ही त्यांच्याबरोबर तपासतो. त्यासाठी काही दिवसांचं शिक्षण असतं, परीक्षा असते, दर दोन वर्षांनी प्रमाणपत्र नवं करून घ्यावं लागतं. सांगलीची माझी बहीण हे ऐकून म्हणाली होती, "खुर्ची हलते का ते बघायला परीक्षा कशाला गं?" पण 2015 साली अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 46 टक्के सीटांत काही ना काही चूक सापडली होती. सीट पट्ट्यापाशी धरून हलवली तर इंचभराहून जास्त हलता कामा नये. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत येता कामा नये. हिवाळ्यात जाड कोटासकट मुलाला बांधायचं नाही, कारण धक्क्याने कोट चेपतो आणि पट्टा सैल पडतो. सगळ्या अशाच, ऐकताना किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी.

आम्हाला शिकवलेला पहिला नियम असा, की सीट आपण बसवून द्यायची नाही. आईने किंवा बापाने स्वतःच्या हातांनी बसवायची. आपण शेजारी उभं राहून सांगायचं. उद्या कव्हर धुवायला काढलं, किंवा सीट दुसऱ्या गाडीत घातली, तर तिथे आपण नसणार. हा नियम मला फार आवडायचा. मदत करणाऱ्याचा अहंकार त्यात विरघळतो असं वाटायचं. आता तेवढं वाटत नाही. त्याला कारण झाला ओरत्तनाडूच्या वाटेवरचा एक दिवस.

पटांगणात आपल्याकडच्या आज्याही येतात. मुलीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. त्यांचे आक्षेप ठरलेले असतात. बाळाला पाठमोरं का बसवलंय, त्याला कुणी दिसत नाही. दुपट्यात छान गुंडाळलंय ते सोडायचं कशाला? (पट्टा दोन्ही पायांमधून वर यावा लागतो म्हणून.) आणि शेवटचा, सगळ्यात जुना आक्षेप: मी आहे की, मी मांडीवर घेते.

मांडीच्या विरोधात बोलणं सोपं नाही. दत्तक घेतलेलं मूलसुद्धा आधी मांडीवर बसवतात, मग ते घरचं होतं. मी त्या आज्यांना हिशेब सांगत असे. ताशी 50 किलोमीटरने चाललेली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला साधारण 140 किलो पेलायची ताकद लागते. ती कुणाच्याच हातांत नसते; आईच्याही नाही. अमेरिकेत मुलांच्या सीटचा पहिला कायदा टेनेसी राज्याने 1977 साली केला. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाने त्यासाठी आमदारांचे उंबरे झिजवले. तरी त्या कायद्यात एक पळवाट ठेवली गेली: मूल मोठ्या माणसाच्या हातांत असेल तर सीट नको. ती काढून टाकायला 1981 उजाडलं. म्हणजे मांडीवरची श्रद्धा काही आपल्या आज्यांचीच मक्तेदारी नाही.

हा सगळा हिशेब मला तोंडपाठ आहे. आणि तरीही जानेवारी 2024 मध्ये तंजावर ते ओरत्तनाडु या रस्त्यावर माझा दोन वर्षांचा नातू माझ्या मांडीवर होता आणि त्याची सीट डिकीत होती.

माझे जावई तंजावरच्या मराठी घरातले. दहा-बारा पिढ्या तिकडे काढलेली माणसं. घरात मराठी, दारात तमिळ. पोंगलसाठी आम्ही सगळे गेलो होतो. नातवाची सीट माझ्या मुलीने विमानातून आणली होती. त्या दिवशी मुलीला ताप होता, जावई तिच्याजवळ थांबले, आणि विहीणबाई म्हणाल्या, चला, आपण दोघी नातवाला घेऊन मुक्तांबाबाईंचं छत्र बघून येऊ. भाड्याची गाडी दाराशी आली. मागच्या सीटवर नवं कोरं, शिवून घेतलेलं कव्हर होतं आणि पट्ट्यांची बकलं त्याच्या खाली गाडली गेली होती. ड्रायव्हर विहीणबाईंशी तमिळमध्ये काहीतरी बोलला. "कव्हर काढायला वेळ लागेल म्हणतो," त्या मला म्हणाल्या. मग जरा थांबून, "बसा की मांडीवर घेऊन. जवळच तर जायचंय. हळू चालवायला सांगते त्याला."

मी हो म्हटलं.

का म्हटलं, ते मी तेव्हापासून तपासून बघते आहे. मला माहिती नव्हती असं नाही. फुकट मिळणारी सगळी पत्रकं माझ्या घरात गठ्ठ्याने पडली आहेत. मला धोका वाटला नाही असंही नाही. सगळा रस्ताभर माझे दंड भरून आले होते. खरं कारण भीड. परक्या गावात, मला न येणाऱ्या भाषेत, विहिणीला मध्ये घालून एका ड्रायव्हरशी त्याच्या नव्या कव्हरवरून वाद घालायचा आणि "अमेरिकेहून आल्यात ना" अशी नजर झेलायची, हे मला जमलं नाही. वाटेत मुलीचा मेसेज आला: बसला का नीट? मी लिहिलं, हो, मस्त बसलाय.

पटांगणात इतकी वर्षं मी लोकांच्या चुका अज्ञानाच्या खात्यावर मांडत आले होते. त्यातल्या किती भिडेच्या असतील? सासूबाई मागे बसल्या होत्या म्हणून, गाडी मित्राची होती म्हणून, मूल रडलं आणि सगळे आपल्याकडे बघायला लागले म्हणून. सांगून अज्ञान जाईल. भीड सांगून जात नाही. उलट तिच्यात आणखी एका बघणाऱ्याची भर पडते.

ओरत्तनाडु तंजावरच्या दक्षिणेला, पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर आहे. जुनी रामेश्वराची वाट इथूनच जायची. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1802 साली इथे मुक्तांबाबाईंच्या नावाने छत्र बांधलं. मुक्तांबाबाई त्यांच्या लग्नाच्या राणी नव्हत्या. मरताना त्यांनी आपल्या नावाने अन्नछत्र मागितलं, असं सांगतात. इमारतीचा दर्शनी भाग रथासारखा आहे, दगडी घोडे आणि हत्ती तो ओढताहेत. नातवाला हत्ती आवडला. आम्ही बराच वेळ त्याच्यापाशीच उभे होतो.

पण मला इमारतीपेक्षा सरफोजींचं एक पत्र आठवत होतं. राज्य 1799 च्या तहाने कंपनीच्या हाती गेलं. मग 1801 मध्ये सरफोजींनी तंजावरच्या रेसिडेंटला लिहिलं, की छत्रं तरी माझ्याकडे राहू द्या. तिथे काय काय चालतं ते त्यांनी सविस्तर मांडलं. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न, आणि मध्यरात्री घंटा वाजवून राहिलेल्यांना हाक. आजाऱ्याला औषध आणि पथ्याचं जेवण. तान्ह्या मुलांना गाईचं दूध. वाटेत दिवस भरलेली बाई छत्रात बाळंत झाली तर खर्च छत्राचा, आणि नंतर तिने तीन महिने तिथेच राहावं. परक्यांची पोरकी मुलं पंतोजींच्या हवाली. त्यांना तीन वेळा जेवण आणि चार दिवसांनी तेल. पत्र कंपनीला पटवण्यासाठी लिहिलेलं आहे, तेव्हा त्यात थोडं रंगवलेलंही असेल. आणि हा खर्च शेवटी कावेरीकाठच्या शेतकऱ्याच्या भातातूनच जात होता, हेही विसरू नये. तरी त्या यादीतली एक गोष्ट मला तिथे उभी असताना बोचली. त्यात कुणाला काही सांगितलेलं नाही. पोटुशी असताना यात्रेला कशाला निघालीस, असं त्या बाईला विचारलेलं नाही. दूध कसं पाजावं ते नाही, दूध आहे.

छत्रासमोर चहाची टपरी होती. तिथे एक स्कूटर येऊन थांबली. नवरा चालवत होता, पाच-सहा वर्षांचा मुलगा पुढे उभा, मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसलेली, आणि तिच्या हातांत पाचेक महिन्यांचं झोपलेलं बाळ. हेल्मेट फक्त नवऱ्याच्या डोक्यावर. कायदे मला माहीत होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर चालकाला 1000 रुपये दंड आहे. 15 फेब्रुवारी 2023 पासून दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांच्या पुढे हेल्मेटही हवं, आणि वेग 40 च्या आत. पण मी ज्या मांडीवर नातवाला घेऊन तिथवर आले होते, त्याच मांडीवर तो आत्ता बिस्कीट खात होता. "लोका सांगे ब्रह्मज्ञान" ही म्हण इतक्या अंगावर कधी आली नव्हती.

तरीही माझं ढोंग हा मुद्दा मी बाजूला ठेवते. समजा, नातू नीट सीटमध्ये बसून आला असता. मग मी त्या बाईला सांगायचं होतं का? ज्याच्यापासून सुटायचं साधन मी देऊ शकत नाही, तो धोका तिला सांगून मी काय साधणार? ती परत त्याच स्कूटरवर, त्याच बाळाला घेऊन बसणार. फक्त आता भीती घेऊन. माझ्या मनावरचं ओझं तेवढं तिच्या पदरात. दुसरी बाजूही आहे. तिला कळण्याचा हक्क आहे, आणि काय परवडतं ते तिच्या वतीने मी कोण ठरवणार? गरिबाला कशाला सांगायचं, ही दया नव्हे, तो वरून बघण्याचाच एक प्रकार आहे. या दोन्ही बाजूंच्या मध्ये मी चहा थंड केला.

शेवटी मी विहीणबाईंना एवढंच म्हटलं, "तिला सांगा, पदर चाकाजवळ लोंबतोय." पदर चाकात जाऊन होणारे अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेत, आणि ते टाळायला पैसे लागत नाहीत. विहीणबाई बोलल्या. माझ्या वाक्यापेक्षा त्यांचं तमिळ बरंच लांबलं. बाई हसली, पदर कमरेत खोचला, काहीतरी म्हणाली. मग नवराही बोलला.

"काय सांगितलंत?" मी नंतर विचारलं.

"पदराचं सांगितलं. आणि म्हटलं, बाळाला घेऊन बसने का जात नाहीस, बायकांना तिकीट नाही." तमिळनाडूत मे 2021 पासून साध्या शहर-बसमध्ये बायकांना प्रवास मोफत आहे, पुढून-मागून गुलाबी रंगवलेल्या त्या बसेस वाटेत दिसल्याही होत्या.

"मग?"

"ती जाते म्हणाली. रोज बसनेच जाते. पण माहेरचं गाव थांब्यापासून तीन किलोमीटर आत. तान्हं घेऊन उन्हात चालायचं कसं?"

मला हे सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात धोका होता आणि सीट होती, बस नव्हती. विहीणबाईंनी तिला चूक दाखवली नाही, असलेली सोय दाखवली, आणि ती कुठे संपते ते विचारून घेतलं. तिकीट माफ करणारं सरकार हे त्या यादीतलं दूध झालं. ते तीन किलोमीटर अजून कुणाच्याच यादीत नाहीत.

स्कूटर गेली. मी वळणापर्यंत बघत राहिले. मी गप्प राहिले ते शहाणपण होतं की सकाळचीच भीड, याचा मला आजही उलगडा होत नाही. दोन्ही आतून अगदी सारखी लागतात.

मग मी विहीणबाईंना म्हटलं, "अहो, मला सीट लावायचीय. कव्हर काढावं लागेल. तुम्ही सांगाल का त्याला?" सकाळी एवढंच वाक्य हवं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, मग सकाळी का नाही म्हणालात? मला वाटलं, तुम्हालाच नकोय." ड्रायव्हरने सीटखाली हात घालून कव्हरचे हुक सोडवले. चार मिनिटं लागली. नव्या कव्हरला काही झालं नाही. अमेरिकेतल्या गाड्यांचे मागचे पट्टे पूर्ण ओढून सोडले की अडकून बसतात. या गाडीचे तसे नव्हते, म्हणून पट्ट्याला एक लोखंडी क्लिप लावावी लागली. ती पिशवीत होती. मी गुडघा टेकवून सीट दाबली, पट्टा ओढला, हलवून बघितलं. ड्रायव्हरने क्लिप कशाला ते विचारलं, आणि दुसऱ्यांदा पट्टा मी त्यालाच ओढायला लावला. त्याच्या घरी तीन वर्षांची मुलगी आहे, असं विहीणबाईंकडून कळलं. सीटची किंमत त्याने विचारली. मी डॉलरमध्ये सांगितली. विहीणबाईंनी ती तमिळमध्ये सांगितलीच नाही. बाहेरून आणलीय, एवढंच म्हणाल्या.

परतीला नातू पहिली दहा मिनिटं ओरडत होता. त्याला हत्ती हवा होता आणि मांडी हवी होती. विहीणबाईंनी त्याचा पाय हातात धरून ठेवला आणि तंजावर येईपर्यंत सोडला नाही. मुलीचा ताप उतरला होता. "रडला का सीटमध्ये?" तिने विचारलं. येताना रडला, मी म्हटलं. जातानाचं तिला अजून सांगितलेलं नाही. ती मराठी सावकाश वाचते, पण वाचते.