एका रात्रीचा काठ

दुपारी तीन वाजले की नावेतल्या माणसांचे बोलणे कमी होते आणि काठाकडे बघणे वाढते. रात्रीच्या मुक्कामाला जागा हवी असते. नाव टेकेल इतकी खोली हवी, मेख धरेल अशी माती हवी. जवळ रस्ता नको, शेजारी तर नकोच, पण सकाळी दूध-पाव आणता येईल इतक्या अंतरावर गाव हवे. हे सगळे जुळून आले की आपण खूश होतो आणि म्हणतो, काय शांत जागा सापडली! इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड कालव्यावर एक आठवडा नावेत काढून आल्यापासून या ‘सापडली’वर माझा विश्वास राहिलेला नाही.

भाचा तिकडे मिडलंड्समध्ये नोकरीला आहे. त्याने सुट्टीसाठी एक नॅरोबोट भाड्याने घेतली आणि म्हणाला, “मामा, तुम्ही याच. घाई नावाची गोष्ट आठवडाभर दिसणार नाही.” नॅरोबोट म्हणजे आगगाडीचा एखादा बारीक डबा पाण्यावर ठेवावा तशी नाव. रुंदी जेमतेम सात फूट, कारण तिथल्या अरुंद लॉकची, म्हणजे नावेला वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या पेटीची, रुंदीच तेवढी. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाते. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. प्रत्यक्षात काठावरून कुत्रा फिरवणारा माणूस आपल्याला मागे टाकून जातो. बांधलेल्या नावेजवळून जाताना तर इंजिन नुसते धुगधुगत ठेवायचे, नाहीतर उठलेल्या लाटेने तिच्या मेखा उपसतात आणि आतल्याचा चहा सांडतो.

नाव बांधणे ही तशी साधी गोष्ट. पुढे एक दोर, मागे एक दोर. काठावर कड्या असल्या तर त्यांत, नसल्या तर हातोड्याने लोखंडी मेखा ठोकून. कालव्याच्या एका काठाने टोपाथ जातो. पूर्वी घोडे याच वाटेवरून नावा ओढीत. या बाजूला, मनाईची पाटी नसेल तर, बहुतेक कुठेही नाव बांधता येते. लॉकच्या तोंडाशी, पुलाखाली, वळणावर किंवा पाणी भरायच्या नळापाशी मात्र थांबायचे नाही. समोरचा काठ सहसा खासगी असतो. कायमची जागा नसलेल्या नावेला एका ठिकाणी सर्वसाधारणपणे चौदा दिवसांहून जास्त राहता येत नाही. १९९५ च्या कायद्याने तसे ठरवले आहे. थोडक्यात, थांबायचा हक्क आहे, ठाण मांडायचा नाही.

थेम्स नदीवर हा हक्क आणखी बारीक होतो. १८८५ च्या कायद्याने या नदीवर नावेतून विहार करण्याचा लोकांचा अधिकार मान्य केला. पाणी सर्वांचे झाले, पण काठ बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी बागेचा, कुरणाचा, हवेलीचा. जेरोम के. जेरोम यांचे नावेतले तीन मित्र १८८९ मध्ये छापील पानांवर आले, तेव्हा त्यांनाही काठावर जेवायला बसल्या बसल्या एक माणूस येऊन विचारतो की आपण दुसऱ्याच्या हद्दीत आहोत हे ठाऊक आहे का. मनाईच्या पाट्यांवर त्या पुस्तकात जो राग निघाला आहे, तो विनोदी असला तरी खोटा नाही. पाण्यातून जायला कुणाची ना नसते. दोर टाकायची वेळ आली की मालक उगवतो.

म्हणून आम्ही नदी सोडून कालवा धरला, आणि त्यातही त्याचा माथा. ऑक्सफर्ड कालव्याची मूळ आखणी जेम्स ब्रिंडली यांची. १७९० मध्ये तो ऑक्सफर्डला पोचला. टेकडी आडवी आली की ती फोडायची नाही, तिच्या समपातळीने वळसा घालायचा, ही ब्रिंडली यांची पद्धत. खोदाईचा खर्च वाचे, वेळ जाई. पुढे १८३० च्या दशकात या कालव्याचा उत्तरेकडचा भाग सरळ करून घेतला, दक्षिणेकडचा वाकडा तो वाकडाच राहिला. नेप्टनचे नऊ लॉक आणि क्लेडनचे पाच लॉक यांच्यामध्ये जो माथा आहे, त्यावर अकरा मैल एकही लॉक नाही, आणि पाणी इतकी वळणे घेते की सरळ रेषेत मोजले तर हे अंतर निम्म्याहूनही कमी भरावे. एकच शेतघर आधी डावीकडे दिसते, मग समोर, मग उजवीकडे. आपण पुढे चाललो आहोत की त्या घराला प्रदक्षिणा घालतो आहोत, हे कळत नाही.

याच माथ्यावर, वर्मलेटन नावाच्या गावाशी, आम्हाला हवी तशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना हिरवे उतार, मेंढ्या, लांबवर एक चर्च. दिवा एकही नाही. इंजिन बंद केले आणि कानांना दडे बसल्यासारखे झाले. भाचा म्हणाला, “इथे हजार वर्षांत काही घडलेलं नसणार.”

सकाळी उन्हे तिरपी आली तेव्हा शेजारच्या कुरणाला उंचवटे आणि घळी असल्याचे दिसले. शेतातल्या नांगराच्या त्या रेषा नव्हत्या. ते गाव होते. जुने वर्मलेटन इथे, पाण्याच्या कडेला, उतारावर होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम कोप नावाच्या जमीनमालकाने इथली कुळे हुसकावून लावली आणि शेतीच्या जागी मेंढ्या सोडल्या. लोकरीला तेव्हा धान्यापेक्षा जास्त भाव होता. पुढे १५०६ मध्ये ही जमीन स्पेन्सर घराण्याने घेतली. मेंढ्यांवरच त्या घराण्याची श्रीमंती वाढली, आणि चारेक शतकांनी राजकन्या डायाना जन्मली ती याच घराण्यात. आम्ही ज्या शांततेत झोपलो, ती रस्ते, आड, अंगणे पुसून झालेली शांतता होती. हजार वर्षांत इथे फार मोठी गोष्ट घडली होती: माणसे निघून गेली होती.

आणि कालवा तरी शांत कुठे होता? अठराव्या शतकाचा तो मालवाहतुकीचा महामार्ग. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला तेव्हा मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव झपाट्याने उतरला, आणि मग देशभर कालवे खणण्याची लाट आली. आज फोटो काढायला थांबतो त्या जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर बोट जाईल एवढ्या खाचा पडलेल्या दिसतात. घोड्यांचे ओले, वाळूने भरलेले दोर वर्षानुवर्षे घासून त्या पडल्या. रेल्वेशी स्पर्धा सुरू झाली, भाडी उतरली, तेव्हा नावाड्यांनी जमिनीवरची घरे सोडून बायको-मुलांना नावेवर आणले. मालाच्या मागे सुमारे दहा फूट लांब आणि सात फूट रुंद खोली; तीत चूल, बिछाना, पाळणा, सगळा संसार. बाई विनापगार सुकाणू धरी, पोरे लॉक उघडीत, शाळा राहून जाई. त्यांनाही संध्याकाळी नाव बांधायला जागा लागे. पण ती शांत असावी असे त्यांतल्या कुणाच्या मनात आले असेल, असे मला वाटत नाही. उद्या पहाटे लॉकवर पहिला नंबर लागेल, ती चांगली जागा.

१९३९ च्या उन्हाळ्यात एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक इंजिनिअर बायकोसह ‘क्रेसी’ नावाच्या नावेतून बॅनबरीहून निघाला आणि याच माथ्यावरून उत्तरेला गेला. त्या प्रवासावरचे ‘नॅरो बोट’ हे त्याचे पुस्तक १९४४ मध्ये निघाले. युद्धाने दमलेल्या लोकांना ते इतके भिडले की त्यातून १९४६ मध्ये कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. रोल्ट तिच्या संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट एकमन दुसरे. पण पाचच वर्षांत, १९५१ मध्ये, रोल्ट यांना त्याच संघटनेतून बाहेर पडावे लागले. भांडणात स्वभावाचा भाग होताच, पण मुद्दाही होता. एकमन यांना प्रत्येक कालवा प्रवाशांसाठी खुला हवा होता. रोल्ट यांचा जीव कालव्यावर पोट भरणाऱ्या नावाड्यांच्या जगात अडकला होता. व्यवहारात एकमन जिंकले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, मालाच्या नावा अडकून पडल्या आणि उरलासुरला धंदा जवळपास संपला. सुट्टीवर येणाऱ्यांनी लॉक वाचवले, बुजलेले कालवे उपसून काढले. त्यांच्याविना माझा हा आठवडा झालाच नसता, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण ज्यांच्यासाठी रोल्ट भांडले, ती कुटुंबे काठावरच्या घरांत गेली, आणि मागे उरली ती आम्हाला आवडणारी शांतता.

हे वाचून ‘इंग्रजांचे इंग्रजांपाशी’ म्हणता येणार नाही. आपल्याकडून केरळला जाणारे हौसेने आलप्पुळ्याला हाउसबोटीत एक रात्र काढतात. ती केट्टुवळ्ळम मूळची भाताची नाव. फळ्या काथ्याने शिवलेल्या. रस्ते झाले, ट्रक आले, भात नावेतून उतरला आणि पर्यटक चढले. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास नाव काठाला लागते आणि सकाळपर्यंत हलत नाही. पर्यटकाला वाटते, ही आपल्या झोपेची काळजी. खरे कारण असे की रात्री त्या पाण्यात मासेमार जाळी टाकतात. तिथली रात्र शांत असते, कारण ती दुसऱ्याच्या कामाची वेळ असते.

आपल्या घाटमाथ्यावर तर नदीवरून नावेने प्रवास करायची रीत फारशी नव्हतीच. पावसाळ्यात लोंढा, उन्हाळ्यात डबकी; अशा नदीवर कालव्यासारखी वाहतूक कशी चालणार? आपण नदीत उतरायला घाट बांधले, नाव बांधायला धक्के क्वचितच. संथ, खोल, बारमाही पाणी आपल्याला मिळाले ते धरणांच्या फुगवट्यात, आणि शनिवार-रविवारची शांतता शोधत पुण्या-मुंबईची माणसे तिथेच जातात: मुळशी, पानशेत, पवना, कोयनेच्या शिवसागरावरचे तापोळे. मुळशीच्या पाण्याकडे तोंड करून आरामखुर्ची मांडताना शंभर वर्षांपूर्वी याच खोऱ्यात सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, हे सहसा आठवत नाही. १९२१ साली सुरू झालेला तो लढा जमिनी बुडू नयेत म्हणून होता. लढा हरला, भातखाचरे आणि गावे पाण्याखाली गेली, मुंबईला वीज मिळाली. काठ रिकामा का, याचे उत्तर वर्मलेटनच्या कुरणात जसे मातीखाली आहे, तसे इथे पाण्याखाली आहे.

मग काय, सुट्टीवर जायचेच नाही? अपराधी मनाने पाण्याकडे बघत बसायचे? त्याने कुणाचे गाव परत येत नाही. शिवाय थकलेल्या माणसाला दोन दिवस निवांत बसावेसे वाटणे यात पाप काही नाही. माझे म्हणणे एवढेच की शांतता हा निसर्गाचा आहेर समजू नये. कुणाच्या तरी जाण्याने ती तयार होते आणि राहणाऱ्यांच्या सबुरीने टिकते. ती फुकट मिळाली असे मानले की माणूस ती उधळतो. पवनेच्या काठी शांततेसाठी तंबू ठोकून रात्री दोनपर्यंत स्पीकर लावणारे आपण पाहतोच.

कालव्यावरची सबुरी मी जवळून पाहिली. आसपास दुसऱ्या नावा असतील तर रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन सुरू ठेवायचे नाही. दोन नावांमध्ये निम्म्या नावेची जागा वाया घालवायची नाही. पुढे सरकून तिसऱ्याला जागा करायची. जे बारा महिने नावेवरच राहतात, त्यांच्या टपावरची लाकडे आणि सायकली बघून नाक मुरडायचे नाही. लंडनमध्ये तर घरे परवडत नाहीत म्हणूनही कित्येक जण पाण्यावर राहायला आले आहेत. माझी सुट्टी त्यांच्या दारात चालू आहे, ही जाणीव ठेवायची. यांतले थोडे नियमांत आहे, बरेचसे शिरस्त्यात.

वर्मलेटनची शांतताही कायमची नव्हे. लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणारी नवी वेगवान रेल्वे याच भागात कालवा ओलांडणार आहे. ज्या रेल्वेने कालव्याचा धंदा बसवला, ती दोनशे वर्षांनी त्याच्या डोक्यावरून पुन्हा जाणार आहे. तिच्या प्रवाशाला खालचे वळणदार पाणी डोळ्याची पापणी लवण्याआधीच मागे पडलेले असेल.

तुम्ही कधी असे पाण्यावर गेलात, कालव्यावर, खाडीत किंवा फुगवट्याच्या काठी, तर मुक्कामाच्या जागी एक चौकशी करा: इथे आधी कोण होते? आणि निघताना मेखा उपसून झाल्या की गवतात राहिलेली भोके टाचेने दाबून बुजवा. टोपाथवरून माणसे चालतात, अंधारात पाय मुरगळतो.